गंधार ऐकू आला का?

माझ्या मित्राच्या पेनड्राइव्हवर त्या दिवशी दोनच फाइली होत्या. एक त्याच्या घरच्या तंबोऱ्याची, दीड मिनिटाची. दुसरी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीची. अंधेरीतल्या एका हॉटेलात हाय-फाय ऑडिओचं प्रदर्शन भरलं होतं आणि त्यासाठी तो महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेहून रात्रभर प्रवास करून आला होता. हॉटेलसमोर चहा पिताना त्याने पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "ते त्यांच्या सोयीचं लावणार. आपण आपल्या कानाचं ऐकूया की."

‘कानसेन’ या स्तंभात मी गाण्याबद्दल लिहितो, तसं गाणं घरात पोचवणाऱ्या यंत्रांबद्दलही लिहितो. वाचकांचा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न एकच असतो : कोणते स्पीकर घेऊ? त्या रविवारी खोल्यांमागून खोल्या पालथ्या घातल्यावर माझं उत्तर पक्कं झालं. ते आधीच सांगून टाकतो. जो आवाज तुम्ही कोणत्याही यंत्राशिवाय, नुसत्या कानांनी असंख्य वेळा ऐकला आहे, तो सोबत न्या आणि प्रत्येक खोलीत तोच लावायला सांगा. हे केल्याशिवाय एका सिस्टिमची दुसरीशी तुलना होतच नाही.

आपल्याकडे असा आवाज कोणता? गाण्याच्या मैफली आपण बहुतेकांनी ऐकल्या त्या मंडपातल्या लाउडस्पीकरमधून. १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने पिढ्या घडवल्या, पण तिथेही गवयाचा गळा आपल्यापर्यंत मायक्रोफोन आणि अॅम्प्लिफायर ओलांडूनच येतो. तंबोरा मात्र गाण्याच्या क्लासात, कुणाच्या तरी दिवाणखान्यात, हातभर अंतरावरून ऐकायला मिळतो. तो कसा वाजतो हे माहीत असलेली माणसं महाराष्ट्रात गावोगावी आहेत.

माझा मित्र त्यांतलाच एक. नोकरी बँकेत केली, पण बालपण मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांसमोर गेलं. पंढरपूरच्या बाजूने आलेले भोपळे तिथे टांगलेले असायचे. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर हलकेच कानस फिरवायचा, तार छेडायचा, ऐकायचा, पुन्हा कानस फिरवायचा. जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा झंकार, मनासारखी बोलेपर्यंत हे चालायचं. शाळा सुटल्यावर मित्र तासन्‌तास तिथे उभा राहायचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्याने मला आनंदाने फोन केला होता.

तंबोरा ही कसोटी म्हणून इतकी चोख का, याचं कारण त्या जवारीत आहे. साध्या तारवाद्यात तार जिथे छेडाल, त्या जागेवरून काही उपस्वर गळून पडतात. तंबोऱ्याच्या रुंद, किंचित उतरत्या घोडीवर आणि तिच्यावर सरकवलेल्या सुतामुळे तेही बोलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या याच करामतीवर शोधनिबंध लिहिला होता. आता आकड्यांत बघा. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्यात जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्‌झला वाजतात आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्‌झला. या खर्जाच्या पाचपट म्हणजे ३४६ हर्ट्‌झच्या आसपास एक स्वर उमटतो, जो कोणत्याच तारेवर लावलेला नसतो. तो गंधार. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तंबोरा नीट जुळला की तो आपोआप वर येतो. जुळणीत केसभर फरक पडला की नाहीसा होतो. यंत्राने आवाजात ढवळाढवळ केली तरी तो असाच डागाळतो. म्हणून मित्राचा प्रत्येक खोलीतला प्रश्न एकच होता : गंधार ऐकू आला का?

असली प्रदर्शनं हॉटेलातच भरतात. खाटा बाहेर काढायच्या, एका भिंतीशी स्पीकर, समोर खुर्च्या आणि दारावर कंपनीचं नाव. प्रत्येक खोलीत तीच दहा-बारा गाणी फिरत असतात : एखादी कुजबुजत गाणारी गायिका, एखादी गिटार, एखादा दणदणीत ढोल. या गाण्यांचं ध्वनिमुद्रण अप्रतिम असतं, हे मान्य. पण ती जवळजवळ कुठल्याही महाग सिस्टिमवर छानच वाजतात आणि खरी गायिका समोर बसून कशी ऐकू आली असती, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं. मग तुलना कशाशी करायची?

तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत माणसाच्या उंचीचे स्पीकर होते. त्या जोडीच्या किमतीत मिरजेत फ्लॅट येईल. मागच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या सोफ्यावर आम्ही बसलो आणि तंबोरा लावायला सांगितलं. खर्ज असा उसळला की बाकीच्या तारा त्याच्याखाली दबल्या. "एवढा खर्ज कुठल्या तंबोऱ्याला असतो?" मित्र पुटपुटला. मग तो उठला आणि रिकामी खुर्ची घेऊन भिंतीपासून चारेक फूट पुढे जाऊन बसला. मिनिटभराने मला हाताने बोलावलं. मी त्याच्या जागी बसलो. खर्ज जवळजवळ विरला होता आणि वरून गंधार स्वच्छ उतरत होता. स्पीकर तेच, फाइल तीच, आवाजाची पातळीही तीच. बदलली होती ती फक्त खुर्चीची जागा.

यात जादू काही नाही. खोली लांबीला पाच मीटरच्या आसपास होती. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने पाच मीटरच्या खोलीत ३४ हर्ट्‌झला आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे साधारण ६९ हर्ट्‌झला, स्थिर लहरी उभ्या राहतात. तंबोऱ्याचा खर्ज नेमका तिथे बसला. ही दुपटीची लहर भिंतींशी आणि खोलीच्या मधोमध फुगते, आणि भिंतीपासून पाव लांबीवर, म्हणजे सव्वा मीटरवर, जवळजवळ शून्य होते. सोफा फुगवट्यावर होता, खुर्ची शून्यावर. दोन्ही जागा खोट्या. खरा तंबोरा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होता आणि तो आम्हाला फूटभर मागे-पुढे सरकून शोधावा लागला. त्या दिवशी लाखालाखांच्या फरकाच्या सिस्टिम ऐकल्या, पण एवढा मोठा फरक कुठेही ऐकला नाही.

पुढच्या खोलीत जुन्या घराण्याची मांडणी होती : ३०० बी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणि भोंग्याचे स्पीकर. अॅम्प्लिफायरची ताकद जेमतेम आठ वॉट. पण तिथल्या गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे स्पीकर एका वॉटला शंभर डेसिबल देणारे होते. एका वॉटला ८६ डेसिबल देणाऱ्या साध्या स्पीकरमधून तेवढाच आवाज काढायचा तर दोनशे वॉट लागतील. वॉटच्या आकड्यावरून अॅम्प्लिफायर निवडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. या खोलीत तंबोरा अतिशय गोड वाजला. जवारीचा प्रत्येक कण चमकत होता आणि गंधार तर पहिल्या आवर्तनापासून हजर. मी खूश झालो. मित्र मात्र मान हलवत बाहेर आला. "गोड आहे रे. पण हा माझा तंबोरा नव्हे." त्याचं म्हणणं बरोबर होतं. या जातीचे व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर आवाजात स्वतःचे थोडे उपस्वर मिसळतात, मुख्यतः दुपटीचा. कानाला ते सुखावतात, गाणं भरदार वाटतं. कुणाला तो स्वाद आवडत असेल तर त्याने आनंदाने घ्यावा. पण तो स्वाद यंत्राचा आहे, वाद्याचा नाही, हे जाणून घ्यावा.

तंबोऱ्याला न्याय मिळाला तो कोपऱ्यातल्या एका लहान खोलीत. साडेपाच इंची वूफरचे दोन छोटे स्पीकर, स्टँडवर, भिंतींपासून चांगले तीन फूट पुढे. मागच्या भिंतीवर आवाज शोषणारी जाड पॅनेल. तिथल्या तरुणाने विनातक्रार पेनड्राइव्ह घेतला आणि म्हणाला, "आमच्याकडे तंबोरा आणणारे तुम्ही पहिलेच." दुसऱ्या आवर्तनाला मित्राने डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. गंधार आला होता, जेवढा यायला हवा तेवढाच. पुढे त्या तरुणाने स्वतःहून एक विलंबित ख्याल लावला. बेताच्या आवाजात फारच सुंदर. आवाज चढवल्यावर मात्र डग्ग्याचा घुमारा त्या छोट्या वूफरला पेलेना आणि ठेक्याची धार गेली. लहान स्पीकरची ही मर्यादा खरी आहे. दहा बाय बाराच्या खोलीत ती जाणवणार नाही, वीस माणसांच्या बैठकीत जाणवेल.

या सगळ्या फिरण्यात आम्ही एक शिस्त पाळली. मित्राच्या फोनवर डेसिबल मोजणारं अॅप होतं. फोनचं मोजमाप प्रयोगशाळेच्या तोडीचं नसतं, पण सगळीकडे तोच फोन वापरला तर तुलनेला पुरतं. प्रत्येक खोलीत तंबोरा सत्तरच्या आसपास आणून मगच आम्ही ऐकायला बसायचो. कारण साधं आहे. कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जाकडचे स्वर फार कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच स्वर भरून येतात. म्हणजे दोनच डेसिबल जास्त असलेली सिस्टिम आपल्याला "जास्त मोठी" वाटत नाही, "जास्त भरदार" वाटते. आवाज समान केल्याशिवाय दोन सिस्टिमबद्दल मत देणं म्हणजे एक आंबा पिकलेला आणि दुसरा कच्चा खाऊन झाडांची प्रत ठरवणं.

तारांबद्दल थोडक्यात. एका टेबलावर स्कूटरच्या किमतीची स्पीकरची वायर होती. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर तीन मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०४ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. पाच-सात हजारांची सुद्धा वायर घेऊ नका. तेवढ्या पैशांत जाड पडदे आणि एक गालिचा येईल आणि त्याचा फरक शेजाऱ्यालाही कळेल.

खाँसाहेबांची फाइल आम्ही तीनच खोल्यांत लावली. ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आत गाणं संपवायचं, वर सुईची खरखर. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. माझा मित्र लहानपणापासून तिथे जातो. महागड्या भल्यामोठ्या सिस्टिमवर खरखर पुढे आली आणि गळा मागे राहिला. व्हॉल्व्हच्या आणि कोपऱ्यातल्या लहान खोलीत खरखर बाजूला सरून झिंझोटीतला तो सूर मधोमध उभा राहिला. खोलीतली अनोळखी चार माणसं बोलायची थांबली. ज्या ध्वनिमुद्रणात आजच्या मानाने तांत्रिक असं काहीच उरलेलं नाही, त्यानेही दोन यंत्रांमधला फरक दाखवला, कारण तो गळा ऐकणाऱ्याच्या ओळखीचा होता.

एका मोठ्या दालनात मात्र आम्हाला सरळ नकार मिळाला. "आमची गाणी ठरलेली आहेत," असं सांगून पेनड्राइव्ह परत केला गेला. मला याचं खरोखर वाईट वाटलं. लाखो रुपये मोजायला निघालेल्या माणसाला त्याचं गाणं दीड मिनिट ऐकू न देणं हा त्याच्या कानाचा अपमान आहे. मुंबई-पुण्यात अशी प्रदर्शनं भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की दर खोलीत श्रोत्याच्या फाइलीसाठी ठरावीक वेळ राखून ठेवा. तंबोरा, डग्गा, पेटी, सनई यांची चांगली ध्वनिमुद्रणं स्वतःजवळ बाळगा. इथे विकायचं असेल तर इथलं वाद्य तुमच्या यंत्रावर कसं वाजतं, हे तुम्हाला आमच्याआधी माहीत असायला हवं.

मित्राने काहीच विकत घेतलं नाही. मिरजेला पोचल्यावर त्याने घरातले वीस वर्षांपूर्वीचे स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले आणि आपली खुर्ची मागच्या भिंतीपासून सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, तंबोरा त्याच्या पाठीमागे वाजत होता.

तुम्हीही नवीन काही घेण्याआधी एवढं करा. ओळखीच्या कुणाचा तरी तंबोरा, नाहीतर घरातल्या माणसाचं बोलणं, शांत खोलीत दोन मिनिटं ध्वनिमुद्रित करा. घरच्या सिस्टिमवर ते लावा, स्पीकर हलवा, खुर्ची हलवा, पुन्हा ऐका. एवढं करूनही समाधान झालं नाही, तरच तीच फाइल घेऊन दुकानात जा. आवाज समान करायला सांगा, दोन जागी बसून ऐका, आणि किंमत सगळ्यात शेवटी विचारा.