रुग्णालय आणि पडवी

कोंकणांतील घर बांधणारा मोठा धोरणी असतो. कुटुंब वाढलें म्हणजे तो घर पाडीत नाहीं. एका अंगास पडवी काढतो. त्या पडवींत आज भाताच्या कणग्या असतात, तर उद्यां बाळंतिणीची खाट येते. हें धोरण रुग्णालयें बांधतांना मात्र आम्ही विसरतों, असें खेदानें म्हणावें लागतें.

मिरजेचें उदाहरण घ्या. डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं तेथें मिशन रुग्णालय काढलें. पुढें क्षयरोग्यांसाठीं जवळच आरोग्यधाम उभें राहिलें; ती वस्ती आज वानलेसवाडी म्हणून प्रसिद्ध आहे. मोकळी हवा, विश्रांति व सकस अन्न हाच तेव्हां क्षयावरील उपाय असल्यामुळें रोग्यांस महिनेच्या महिने ठेवावें लागे. पण १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, आणि नियमित औषधानें रोगी घरींहि तितकाच बरा होतो, हें १९५९ सालीं मद्रास येथील प्रयोगानें दाखविलें. देशोदेशींचीं आरोग्यधामें ओस पडूं लागलीं. उलट २०२० सालीं महामारी आली, तेव्हां खाटा कोठें मांडाव्या व प्राणवायूच्या नळ्या कशा न्याव्या, ही विवंचना गांवोगांव पडली. सारांश, रोग आणि उपचार भिंतींस विचारून बदलत नाहींत.

मग करावें काय? आमच्या जांभ्याच्या भिंती भक्कम खऱ्या, परंतु छपराचा सारा भार त्यांवरच असल्यानें एक दार रुंद करणेंहि कठीण. म्हणून भार खांबांवर असावा, मधले आडोसे हलके असावे, नळ व तारा भिंतींत गाडूं नयेत आणि वाढीस एक बाजू मोकळी असावी. लंडनचें नॉर्थविक पार्क रुग्णालय आंखतांना जॉन वीक्स यांनीं इमारतींचीं टोंकें याच हेतूनें मोकळीं ठेविलीं.

कोणी म्हणेल, रिकामी जागा राखणें ही उधळपट्टी होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. दहा वर्षांनीं पक्की भिंत फोडण्याचा खर्च शेवटीं रोग्याच्याच माथीं बसतो. २०२३ सालीं रत्नागिरींत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. तेव्हां हा प्रश्न आपल्या दाराशींच आला आहे.

नवा द्राक्षारस व जुने बुधले यांचा प्रभूचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यांतील कोणी उद्यां इंजिनीयर होतील, कोणी दाते होतील. आपल्या नांवाची शिला बसवितांना त्यांनीं पुढच्या पिढीसाठीं पडवीपुरती तरी जागा सोडावी, एवढेंच आमचें मागणें आहे.