अळीची दृष्टी आणि शेवटचा बाक

'आंधळ्या अळ्या' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. जखमेत किंवा उकिरड्यावर वळवळणारी माशीची अळी पाहून मन किळसते आणि विचार तिथेच थांबतो. परंतु ती अळी आंधळी नाही. फळमाशीच्या अळीच्या डोक्यात दोन्ही बाजूंना प्रत्येकी १२ प्रकाशग्राही पेशींचा एकेक पुंजका असतो. त्यांतून चित्र उमटत नाही; प्रकाश किती आहे, एवढेच कळते. अळी डोके डावीउजवीकडे हलवते, दोन्हीकडच्या उजेडाची तुलना करते आणि अंधाराकडे वळते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून तर असे दिसले, की हे पुंजके नष्ट केले तरी ती प्रखर प्रकाश टाळते. कारण तिच्या अंगभर पसरलेल्या काही चेतापेशींनाही प्रकाश जाणवतो. उघड्यावर पडलेली अळी सुकून मरेल किंवा पाखराच्या तोंडी जाईल. तिच्या गरजेपुरती दृष्टी तिच्यापाशी आहे. पुढे तिची माशी होते, तेव्हा प्रत्येक बाजूला सुमारे साडेसातशे घटकांचा संयुक्त नेत्र येतो. कारण आता तिला उडायचे असते.

मानवी डोळा हा मात्र परिपूर्णतेचा कळस, असे आपण शिकवतो. नेत्राची नामनिर्देशित आकृती काढली की गुण मिळतात. (ती आकृती अनेकांना आजही डोळे मिटून काढता येईल!) कागदावर डावीकडे फुली आणि सात-आठ सेंटिमीटर उजवीकडे ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे एकटक पाहत कागद हळूहळू जवळ आणा. वीतभराहून थोड्या अधिक अंतरावर ठिपका नाहीसा होतो. दृष्टिचेता जिथून बाहेर पडते, तिथे दृष्टिपटलावर प्रकाशग्राही पेशीच नसतात, आणि ती पोकळी मेंदू आपल्या नकळत भरून काढतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात ही उणीव नाही. मधमाशीला दिसणारे अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत; उलट कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक आपल्याइतका कळत नाही.

या साऱ्याचा आपल्या निवासी शाळांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपल्याला न दिसणारे काही आहे, हे पाहणाऱ्याला स्वतःहून कळत नाही. नेत्रगोल एखाद्या मिलिमीटरने अधिक लांब झाला, तरी फळ्यावरची अक्षरे पुसट होतात. ज्या मुलाने ती कधीच स्पष्ट पाहिली नाहीत, ते 'मला दिसत नाही' अशी तक्रार कशी करील? जग असेच असते, असे ते समजते. मग शेवटच्या बाकावरचे हे मूल शेजाऱ्याच्या वहीतून उतरवू लागते. आपण त्याला 'मठ्ठ' किंवा 'लबाड' म्हणून मोकळे होतो. घरी राहणाऱ्या मुलाची बारीक केलेली नजर आईच्या लक्षात येते. वसतिगृहातल्या मुलाकडे तितके निरखून पाहणारे कोण?

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की दर वर्षी जूनमध्ये, बाकांच्या जागा ठरवण्यापूर्वी, प्रत्येक मुलाची दृष्टी तपासली जावी. त्यासाठी हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेल्या धर्तीचा अक्षरतक्ता, सहा मीटर मोकळी जागा आणि पुरेसा उजेड लागतो. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चिन्हांचा तक्ता मिळतो. ही प्राथमिक चाचणी शिक्षकांनाही घेता येते. ज्यांना तक्ता नीट वाचता येत नाही, त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. चष्म्यांचा खर्च आपण माजी विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावा, आणि तुटलेला चष्मा बदलून देण्याची तरतूदही त्यातच असावी. मुलांचे चष्मे तुटतातच.