आपल्यासारखा आवाज

मैत्रिणींनो,

या अंकाची सुरुवात एका कबुलीने करते आहे. गेली चार-पाच वर्षं रात्रीची भांडी घासताना मी फोनवर बोलके कार्यक्रम ऐकते. रेडिओवर पूर्वी भाषणं, मुलाखती लागायच्या तसेच हे कार्यक्रम. फरक एवढाच की बोलणारी माणसं माझ्या विचारांची असतात. दिवसभर तहसील कचेरीत, एस. टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात जे निमूट ऐकून घ्यावं लागतं, त्यावरचा हा उतारा. बोलणारी एखादा मुद्दा ठासून मांडते आणि मी मोरीत एकटीच म्हणते, "अगदी बरोबर!"

या दिलाशाची मला लाज वाटत नाही. मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींना सभा असतात, मोर्चे असतात, मोर्च्यानंतरचा चहा असतो. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्तीला आपल्या मताचं दुसरं माणूस भेटायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. चळवळीतली माणसं थकतात ती कामाने कमी, एकटेपणाने जास्त. "तुझं चुकत नाही" एवढं ऐकवणारा आवाज रोज रात्री घरात यावा, ही चैन नव्हे.

हा आवाज आपल्याला सहज मिळालेला नाही. आपल्या आया-सासवांच्या वेळी स्वयंपाकघरातल्या फळीवर ट्रान्झिस्टर असे. घरधनी मुंबईला, इथे बाई, म्हातारी माणसं आणि तो ट्रान्झिस्टर. मुंबई केंद्रावरचं 'वनिता मंडळ' कित्येकींना दुपारची सोबत होती. पण आकाशवाणी पडली सरकारी. 26 जून 1975 च्या सकाळी आणीबाणी जाहीर झाल्याचं देशाने ऐकलं तेही तिच्याचवरून. सरकारला नको असलेला आवाज ऐकवायचा तर त्याची किंमत मोजावी लागे. 1942 साली बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जेमतेम तीन महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या.

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. पण खासगी एफ. एम. केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच पुढे ऐकवाव्या लागतात. त्यामुळे उघडपणे एका राजकीय बाजूने बोलणारा रेडिओ आपल्याकडे उभाच राहिला नाही. ती भूक फोनने भागवली. तिथे आपली बाजू आहे, तशीच आपल्याला रोज शिव्या घालणारी बाजूही आहे, आणि तिचे श्रोते आपल्यापेक्षा कमी नाहीत.

इथवर सगळं ठीक होतं. गेल्या पावसाळ्याआधी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर बैठक होती. विषय होता मुलींचा वारसाहक्क. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला, आतल्या जमिनींना भाव आला, आणि ज्या बहिणींची वर्षानुवर्षं कुणाला आठवण नव्हती त्यांच्या दारी भाऊ हक्कसोडपत्राचे कागद घेऊन येऊ लागले. मला वाटलं, मी काय वेगळं सांगणार? मला आवडलेला एक कार्यक्रमच ऐकवला. बोलणारी वकील बाई हुशार. 1994 ची महाराष्ट्राची दुरुस्ती, 2005 ची केंद्राची दुरुस्ती, 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मुलगी जन्मापासूनच मुलाइतकी वाटेकरी, सगळं तिने सोप्या भाषेत सांगितलं. शेवटी म्हणाली, बायका सही करतात त्या अज्ञानापोटी.

बायकांनी शांतपणे ऐकलं. मग मागे बसलेली एक साठीची बाई म्हणाली, "ही बाई बोलते बराबर. पन तिला आमचं ऐकू येतंय काय?"

मी विचारलं, "तुमचं म्हणजे काय?"

तेव्हा एकेक बाई बोलू लागली. कायदा त्यांतल्या बहुतेकींना माहीत होता. एकीने सही केली कारण तिचं बाळंतपण आणि दोन आजारपणं माहेरी निघाली होती. एकीच्या नवऱ्याचं दारूने वाटोळं झालेलं. उद्या हाकलून दिलं तर जायला एक दार हवं, ते दार तिने जमिनीच्या बदल्यात राखून ठेवलं. एकीने वाटा मागितला, तर दिवाळीची भाऊबीज बंद झाली आणि आई वारल्याचा निरोप तिला दुसऱ्या दिवशी मिळाला. सही म्हणजे अज्ञान नव्हतं, हिशेब होता. तो हिशेब चुकीच्या जगाने त्यांच्यावर लादलेला होता, पण केलेला त्यांनी होता, डोळे उघडे ठेवून.

मग त्याच बाईंनी मला विचारलं, "ताई, तुमी घेतलात काय वाटा?"

मी गप्प बसले. मैत्रिणींनो, मी वाटा घेतलेला नाही. 2008 साली, वडिलांच्या मागे, मी हक्कसोडपत्रावर सही केली. तेव्हाही मी हीच भाषणं करत होते. भावाने जबरदस्ती केली नाही. आई फक्त एवढंच म्हणाली, "तुझ्या येण्या-जाण्यात अंतर पडायला नको." हे मी आजवर एकाही बैठकीत सांगितलं नव्हतं. रोज रात्री "अगदी बरोबर" म्हणताना मला ते कुणी विचारणार नव्हतं, आणि माझा दिलासा काही अंशी तिथेच होता, हे त्या दिवशी कळलं.

आपल्या मताचा आवाज आपल्याला धीर देतो, पण प्रश्न विचारत नाही. आणि जिला आपण चुकीची समजतो तिचं म्हणणं तो आपल्याच शब्दांत सांगून मोकळा होतो. अमेरिकेत याचा मोठा धडा आहे. तिथे 1987 पर्यंत वादाच्या प्रश्नांवर दोन्ही बाजू ऐकवण्याचं बंधन प्रसारणावर होतं. ते उठलं, आणि पुढच्याच वर्षी रश लिंबॉ हा निवेदक देशभर ऐकू येऊ लागला. स्त्रीवाद्यांना नाझींच्या पंगतीला बसवणारा शब्द त्याने घरोघर पोचवला. लाखो एकाकी माणसांना त्याच्यात सोबत मिळाली. ट्रक चालवताना, स्वयंपाक करताना. त्याला उत्तर म्हणून उदारमतवाद्यांनी 2004 मध्ये 'एअर अमेरिका' काढलं, ते 2010 मध्ये बंद पडलं. तिथल्या श्रोत्यांना दिलासा मिळाला तो आपल्यासारखाच खरा होता. तेव्हा केवळ बरं वाटतं म्हणून एखादा आवाज आपल्याला शहाणं करतो, असं म्हणता येणार नाही. तसं असतं तर लिंबॉचे श्रोतेही शहाणे झाले असते.

मग ऐकणं सोडायचं का? नाही. आमच्या महाडनेच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. 19 आणि 20 मार्च 1927 ला इथे परिषद भरली, तेव्हा मांडवात सगळे एका दुःखाचे, एका मताचे लोक होते. त्यांना तो मांडव हवाच होता. गावोगाव एकटं पडलेल्या माणसाला आपण हजारो आहोत हे तिथे दिसलं. पण परिषद मांडवात संपली नाही. बाबासाहेबांच्या मागून माणसं उठली, चवदार तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्याली. त्याच दिवशी गावाच्या दुसऱ्या बाजूला, तेही एका मताच्याच माणसांत, वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी अफवा फिरली. कुणी शहानिशा केली नाही, आणि जमाव काठ्या घेऊन परिषदेच्या लोकांवर तुटून पडला. एकमत दोन्हीकडे होतं. एका एकमताने तहानेला वाट दिली, दुसऱ्याने अफवेला.

तेव्हा दिलाशाची परीक्षा सोपी आहे. मांडवातून उठल्यावर आपण कुठे जातो?

दुसरी गोष्ट, आपला आवाज आपल्याच बायकांच्या तोंडी असावा. तेलंगणातल्या माचनूरला दलित बायकांनी 2008 साली संघम रेडिओ सुरू केला. त्याच वर्षी आपल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. सामुदायिक रेडिओचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. बोलणारी बाई चुकली तर बाजाराच्या दिवशी तिला गाठून सांगता येतं. त्या साठीच्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर या पल्ल्यात आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत आपल्याकडे असं केंद्र नाही. पण केंद्राशिवायही सुरुवात करता येते. आम्ही आता बैठकीत कार्यक्रम ऐकवतो तो अर्ध्यावर थांबवून. उरलेला वेळ बायका बोलतात. तिसऱ्या बैठकीत मी माझ्या सहीची गोष्ट सांगितली. कुणी मला नावं ठेवली नाहीत. त्यानंतर दोघीजणींनी विचारलं, की सही न करता माहेरही टिकवायचं असेल तर भावाशी बोलणं कसं लावायचं? सोबत कोण येईल? हे प्रश्न कुठल्याच कार्यक्रमात नव्हते. त्यांतल्या एकीच्या भावाकडे आम्ही चौघी जाऊन आलो. त्याने चहा दिला, कागद अजून घडी घालून ठेवला आहे. पुढचं ठरायचं आहे.

आपलं त्रैमासिकही एक प्रकारचा मांडवच आहे. इथे लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बऱ्याचशा एकमेकींना मान डोलावतात. म्हणून पुढच्या अंकासाठी पत्रं हवी आहेत ती वेगळी. ज्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली त्यांची, ज्यांनी वाटा घेतला आणि माहेर गमावलं त्यांची, आणि ज्यांना आमचं म्हणणं पटत नाही त्यांचीही. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका. लिहिता येत नसेल तर गटातल्या कुणाला सांगून लिहवून घ्या.

रात्री भांडी घासताना मी अजूनही ऐकते. आता अधूनमधून मोरीत "अगदी बरोबर" म्हणता म्हणता थांबते, एवढंच.

तुमची,
संपादक