एन्झाइमच्या गोळीची परीक्षा बडोद्यात घ्या

कोविड सरून महिने लोटले तरी न उतरणारा थकवा, चिकुनगुन्यानंतर आखडलेले सांधे. यांवर प्रथिने पचवणारी एन्झाइमे घ्या, असा सल्ला हल्ली सहज मिळतो. कल्पना अगदीच हवेतली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या स्टेलेनबॉश विद्यापीठातील रेसिया प्रिटोरियस यांनी २०२१मध्ये लाँग कोविडच्या रुग्णांच्या रक्तात सहजी न विरघळणाऱ्या सूक्ष्म गुठळ्या असल्याचे मांडले. आंबवलेल्या सोयाबीनमधले नॅटोकायनेज गुठळीतले फायब्रिन तोडते. २०२२मध्ये जपानी संशोधकांना पेशींवरील प्रयोगात ते विषाणूचे स्पाइक प्रथिनही तोडताना दिसले. पण गिळलेले एन्झाइम स्वतःही प्रथिनच. जठरात त्याचाच फडशा पडतो, आणि गोळीला आवरण दिले तरी एवढा मोठा रेणू आतड्यातून रक्तात फार थोडा उतरतो. सेराशिओपेप्टिडेज या एन्झाइमचेच पाहा. जपानच्या ताकेदा कंपनीने ते ‘डॅन्झेन’ नावाने वर्षानुवर्षे विकले आणि लुटुपुटूच्या गोळीशी तुलना केल्यावर फरक दिसेना, तेव्हा २०११मध्ये स्वतःहून मागे घेतले. आपल्याकडे मात्र वेदनाशामकाच्या जोडीने ते आजही सूज उतरवायला लिहून दिले जाते. बडोद्याचा वासणा रोड काही त्याला अपवाद नाही.

‘पण रुग्णांना बरे वाटते ना?’ वाटत असेलही. असली दुखणी मुळातच चढतात-उतरतात, बरीचशी काळाने ओसरतात, आणि श्रेय शेवटच्या गोळीला मिळते. कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णांना देत, त्याबद्दलही असेच वाटत होते. आयसीएमआरने २०२० साली ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली, तेव्हा त्याने ना मृत्यू टळले ना आजार बळावणे थांबले. तरी अधिकृत उपचारांतून तो वगळायला मे २०२१ उजाडला. ‘चाचणीचा खर्च कोण करणार?’ हा आक्षेप अधिक खरा आहे. जुन्या, स्वस्त रेणूवर पेटंट नाही, म्हणून कंपनीला रस नाही. नेमके म्हणूनच हे काम सरकारी रुग्णालयाचे. सयाजी रुग्णालय आणि वासण्याला जवळ असलेले गोत्रीचे रुग्णालय मिळून चिकुनगुन्याचे सांधे धरलेले रुग्ण निवडू शकतात: निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी, कोणाला कोणती हे ना डॉक्टरला ठाऊक ना रुग्णाला. १९०७ साली स्थापन झालेल्या अलेंबिकच्या या शहरात हुबेहूब दिसणारी गोळी बनवणे अवघड नसावे. निकाल येईपर्यंत, वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी ही एन्झाइमे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रक्तस्राव वाढण्याचा धोका आहे.