आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे तीस संघमालक आणि त्यांचे खेळाडू यांच्यात मार्च २०२२ मध्ये जो करार झाला, त्याची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. त्यापुढील करारावर ज्या प्रश्नाचे सावट पडले, तो प्रश्न जुनाच आहे. एका संघाने खेळाडूंच्या वेतनावर किती खर्च करावा, यास कमाल मर्यादा असावी की नसावी? ज्यांना कोट्यवधी डॉलर्स मिळतात त्यांची कड घेण्याचे कारण काय, असे आमच्या वाचकांस सहज वाटेल. परंतु या वादातील तत्त्व धनिकांच्या भांडणाहून मोठे आहे, अशी आमची समजूत आहे.

प्रथम मालकांची बाजू पाहू. फुटबॉल, बास्केटबॉल व आइस हॉकी या तेथील इतर तिन्ही मोठ्या खेळांत वेतनमर्यादा आहे, बेसबॉलमध्ये नाही. ठराविक रकमेपलीकडे वेतन देणाऱ्या संघाकडून कर वसूल केला जातो, एवढेच. २०२५ साली ही रेषा २४ कोटी १० लाख डॉलर्सवर होती. परंतु धनाढ्य संघ कर भरतो आणि पुढे जातो. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानीशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलर्सचा करार केला, २०२४ सालापोटी १० कोटी ३० लाख डॉलर्सचा कर सोसला, आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद पटकावले. हे पाहून पिट्सबर्गसारख्या शहरातील प्रेक्षक जर म्हणाला, की आमचा संघ हंगामापूर्वीच हरलेला आहे, तर त्याला दोष कोण देईल?

रोग खरा आहे. प्रश्न औषधाचा आहे. आणि औषध घेऊन आलेल्या वैद्याचा पूर्वेतिहास खेळाडू विसरलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ शंभर वर्षे तेथे एक राखीव कलम होते. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा. संघाने त्याला खुशाल विकावे, त्याने मात्र दुसरे दार ठोठावू नये! १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लडने आपली फिलाडेल्फियाला केलेली रवानगी नाकारली. आपण खरेदीविक्रीची वस्तू नव्हे, एवढेच त्याचे म्हणणे होते. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. १९७५ च्या अखेरीस लवाद पीटर साइट्झ यांच्या निर्णयाने ते कलम निष्प्रभ झाले. पण तोवर फ्लडची कारकीर्द संपली होती. पुढे १९८५ ते १९८७ या काळात मालकांनी संगनमत करून मोकळ्या खेळाडूंवर बोली लावण्याचेच टाळले, आणि त्यापोटी १९९० मध्ये २८ कोटी डॉलर्सची भरपाई मान्य करण्याची पाळी त्यांच्यावर आली. १९९४ साली त्यांनी वेतनमर्यादेचा हट्ट धरला, तेव्हा खेळाडू १२ ऑगस्टपासून संपावर गेले. दोन महायुद्धांतही न चुकलेली वर्ल्ड सीरिज त्या वर्षी रद्द झाली. संप २३२ दिवस चालला. मर्यादा आली नाही.

मर्यादेने समता येते, हे तरी सिद्ध झाले आहे काय? बेसबॉलमध्ये २००१ पासून २०२३ पर्यंत एकाही संघाला लागोपाठ दोनदा अजिंक्यपद टिकविता आले नाही. उलट वेतनमर्यादा असलेल्या फुटबॉलमध्ये न्यू इंग्लंडने २००१ ते २०१८ या हंगामांत सहा वेळा बाजी मारली. विषमतेचे मूळ वेतनात नाही; ते उत्पन्नात आहे. फुटबॉलचे राष्ट्रीय दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते. बेसबॉलमध्ये स्थानिक प्रक्षेपणाचा मोठा वाटा ज्या त्या संघाकडे राहतो. डॉजर्सचा २०१३ चा असा करार पंचवीस वर्षांचा आणि आठशे कोटी डॉलर्सहून अधिक रकमेचा होता. लहान शहराने एवढे उत्पन्न आणावे कोठून? तेव्हा तफावत आहे ती मालकामालकांत, आणि कात्री लावायची ती खेळाडूच्या वेतनाला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

शिवाय ओहतानीकडे बोट दाखविताना सामान्य खेळाडू दृष्टीआड होतो. २०२५ साली किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर्स होते. ही रक्कम लहान नव्हे. परंतु मोकळे होण्यासाठी सहा वर्षांची सेवा लागते, आणि अनेकांची कारकीर्द तितकी टिकतच नाही.

हा प्रश्न आपणांस अगदीच परका नाही. आपल्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. ऋषभ पंतवर लागलेली २७ कोटींची बोली आपण कौतुकाने ऐकली. ती मर्यादा कोणाच्या संमतीने ठरली, हे मात्र विचारले नाही. २०१९ साली स्थापन झालेली आपली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांची आहे. खेळत्या खेळाडूंच्या वतीने वाटाघाटीस बसणारे कोणीच नाही. अमेरिकेतील खेळाडू मर्यादेला नकार तरी देऊ शकतात!

वेतनमर्यादा सर्वथा त्याज्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. मालकांनी प्रथम आपले उत्पन्न आपसांत वाटून घ्यावे, हिशेबाच्या वह्या उघडाव्यात, कमाल मर्यादेइतकीच सक्तीची किमान मर्यादाही स्वीकारावी, आणि तरुण खेळाडूचा वाटा वाढवावा. मग मर्यादेची गोष्ट काढावी. समतेचा उपदेश दुसऱ्याच्या ताटावरून सुरू करणाऱ्यांवर विश्वास ठेवण्याचे बंधन कोणावरही नाही.