अण्वस्त्रांचा हिशेब ठेवणारी विद्या

आजच्या मध्यप्रदेशाच्या भूमीवर अवघ्या सात वर्षांच्या अंतराने दोन मुले जन्मली. अब्दुल कादिर खान १९३६ साली भोपाळात, आणि अनिल काकोडकर १९४३ साली बडवानीत. पहिला मुलगा १९५२ साली पाकिस्तानात गेला, युरोपात धातुशास्त्र शिकला, हॉलंडमधील एका संस्थेत काम करीत असता युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे आराखडे त्याने हस्तगत केले आणि ते घेऊन स्वदेशी परतला. हीच विद्या इराण, लिबिया आणि उत्तर कोरियाला पुरविल्याची कबुली त्यांनी २००४ च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवर दिली. दुसऱ्याचे बालपण बडवानी-खरगोणात गेले. काकोडकर १९६४ साली तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात दाखल झाले, १९७४ आणि १९९८ या दोन्ही पोखरण चाचण्यांत त्यांचा सहभाग होता आणि २००० ते २००९ या काळात ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या घरांना त्यांचा अभिमान वाटतो, तो रास्तच आहे.

परंतु आज लिहावयाचे आहे ते तिसऱ्याच प्रकारच्या माणसाविषयी. हा माणूस अस्त्र घडवीत नाही, विकीतही नाही. कोणाजवळ किती द्रव्य आहे, ते कोठून आले, त्याचे काय होऊ शकेल आणि ते चोराच्या हाती कसे पडणार नाही, याचा तो आयुष्यभर हिशेब ठेवतो. अण्वस्त्रप्रसार आणि अणुसुरक्षा हा त्याचा अभ्यासविषय. (मराठीची येथे थोडी पंचाईत होते. अपघातापासून जपणे आणि चोरापासून जपणे या दोन्हींना आपण एकच ‘सुरक्षा’ शब्द वापरतो. पहिलीला ‘सुरक्षितता’ म्हणावे, असे मला वाटते.)

हा हिशेब कसा असतो, ते सुपातल्या धान्यावरून पाहू. खाणीतून निघालेल्या युरेनियमच्या हजार कणांत कामाचे कण साधारण सात. निवडता निवडता सव्वाआठशे निरुपयोगी कण बाजूला काढले, तर उरलेल्या पावणेदोनशेत ते सात म्हणजे चार टक्के होतात. एवढ्यावर बहुतेक वीजकेंद्रे चालतात. आता आणखी एकशेसदुसष्ट कण काढले की आठांत सात उरतात, आणि ते अस्त्राला पुरेसे शुद्ध असते. म्हणजे विजेसाठी निवडणारा मनुष्य अस्त्राच्या वाटेवर निम्म्याहून कितीतरी अधिक चालून गेलेला असतो! इराणच्या यंत्रांवरून जगात एवढा वाद का माजला, ते या सुपावरून उमगते. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आठ किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियमातील पंचवीस किलो युरेनियम-२३५ ही एका अस्त्रापुरती मात्रा धरते. अभ्यासकाला पदार्थविज्ञान यावे लागते, ते यासाठी. पण तेवढ्याने भागत नाही; करारांची कलमे, उपग्रहांची छायाचित्रे आणि मुत्सद्द्यांचे मौन, हे सारे त्याला वाचता यावे लागते.

आपल्या पांढुर्ण्याचेच पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव दगडांचे ढीग रचून उभे राहतात. पलीकडे ढीग आहे म्हणून अलीकडे ढीग. गोटमारीत दगड दरवर्षी सुटतात, माणसे जायबंदी होतात, क्वचित प्राणही जातात. अण्वस्त्रांचे ढीग मात्र ९ ऑगस्ट १९४५ नंतर युद्धात सुटलेले नाहीत. ते भयामुळे, शहाणपणामुळे की केवळ दैवाने? या एका प्रश्नावर विद्वानांची हयात गेली आहे आणि त्यांचे एकमत नाही.

आपल्याकडेही ते नाही. कॅनडाने दिलेल्या अणुभट्टीतील प्लुटोनियम वापरून भारताने १८ मे १९७४ रोजी चाचणी केली, आणि त्यातूनच अणुसामग्री पुरविणाऱ्या राष्ट्रांचा गट जन्मला. अणुप्रसारबंदी करारावर आपण सही केली नाही, कारण १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट करणारी पाच राष्ट्रे तेवढी अधिकृत आणि इतर सारी अनधिकृत, हा भेद आपल्याला मान्य नव्हता. पुणे विद्यापीठातील प्रा. श्रीकांत परांजपे यांनी अमेरिकेच्या प्रसारबंदी धोरणाचा आणि आपल्या अणुधोरणातील संसदेच्या वाट्याचा अभ्यास केला. नागपुरात जन्मलेले पत्रकार प्रफुल्ल बिडवई यांनी अचिन वनाईक यांच्यासह १९९८ च्या चाचण्यांविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्या वेळी देशात पेढे वाटले जात होते. मला बिडवईंची सगळी मते पटत नाहीत. पण सारा गाव एका सुरात बोलत असता हातातले आकडे पुन्हा मोजून पाहणाऱ्या मनुष्याची गरज असते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. उलट बाजूने काकोडकरांनीही २००६ साली, अमेरिकेशी करार होऊ घातला असता, द्रुत प्रजनक भट्ट्या परकीय तपासणीखाली देऊ नयेत, असे जाहीरपणे सांगितले. अखेर बावीसपैकी चौदा भट्ट्या तपासणीखाली गेल्या, प्रजनक भट्टी बाहेर राहिली.

हे लिहिण्यास निमित्त आहे. तिगावची एक मुलगी, आमच्या शाळेची माजी विद्यार्थिनी, भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाली आणि आता तिला हाच विषय घ्यावयाचा आहे. वडिलांची संत्र्याची बाग. ‘‘सर, पोरीनं बॉम्बचं शिक्षण घ्यावं काय?’’ असे त्यांनी मला विचारले. मी त्यांना दिल्लीच्या मायापुरीची हकीकत सांगितली. २०१० साली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील एक जुने, विस्मृतीत गेलेले यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेले. आत कोबाल्ट-६० होते. यंत्र फोडणाऱ्यांना काय फोडतो आहोत याची कल्पना नव्हती; एक माणूस दगावला, कित्येक आजारी पडले. शत्रू नव्हता, बॉम्ब नव्हता; फक्त कोणी हिशेब ठेवला नव्हता.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘पण यात नोकरी?’’

जागा थोड्या आहेत, हे मी लपविले नाही. पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, तेथीलच १९६५ साली स्थापन झालेली आणि आता मनोहर पर्रीकरांचे नाव धारण करणारी संस्था, आणि आणखी काही मोजकी ठिकाणे. अभियंत्याएवढे वेतन लवकर हाती येणार नाही. इंग्रजी पक्के हवे, आणि रशियन किंवा फ्रेंच येत असेल तर अधिक बरे. मुलीने इंग्रजीचा अभ्यास सुरू केला आहे. वडील अद्याप ‘हो’ म्हणालेले नाहीत. संत्र्याचा बहार हाती आला की बोलू, म्हणतात.