बसलेला आवाज सोसू नका

मैत्रिणींनो, सातारा-सांगलीकडे बचत गटांच्या बैठकांना जाते तेव्हा थायरॉईडचं ऑपरेशन झालेल्या बायका भेटतात. एखादीचा आवाज तेव्हापासून बसलेला असतो, पाणी पिताना ठसका लागतो. "बाईमाणसाला आवाज हवा कशाला?" असं घरचे म्हणतात आणि तीही गप्प राहते. मला हे पटत नाही.

स्वरतंतू हलवणारी बारीक नस थायरॉईड ग्रंथीला लागूनच जाते. ती नुसती दुखावली असेल तर बहुधा काही महिन्यांत आपोआप सुधारते. तुटली तर लगेच शिवता येते, नाहीतर मानेतली दुसरी नस तिला जोडतात. मग तंतू पूर्वीसारखा हलला नाही, तरी आवाजात जोर येतो. फार उशीर झाला की स्नायू सुकतो, नस जोडून तितका उपयोग होत नाही. तेव्हाही १९७४ साली जपानच्या डॉ. इश्शिकी यांनी मांडलेली थायरोप्लास्टी आहेच; तिच्यात तंतू मध्याकडे सरकवतात.

म्हणून आवाज तीन-चार आठवड्यांत सुटला नाही, तर मिरजेला किंवा जवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने तपासून घ्या. श्वास अडकत असेल तर लगेच निघा. घरात आपलं म्हणणं मांडायला आवाज लागतोच की!